अक्का, बरणी आणि नशिराबाद

आमच्या गल्लीत सकाळी सातला दूधवाला येतो, साडेसातला घंटागाडी येते आणि आठ वाजता अक्का बरण्या उघडायला येतात.

पहिल्या दोघांचं काही विशेष नाही, ते सगळीकडेच येतात. पण शहात्तर वर्षांची, पाच फुटांना दोन बोटं कमी, खांद्यावर फडक्याची घडी टाकलेली एक बाई दारात उभी राहते, "काही अडलंय का?" असं विचारते, आणि घरातली धडधाकट माणसं लोणच्याची, सॉसची, जामची जी काही बाटली कालपासून हटून बसली असेल ती निमूटपणे तिच्या हातात देतात, हे मी जळगावात आणखी कुठे पाहिलेलं नाही. त्या धडधाकट माणसांपैकी मी एक. वय पंचावन्न, नोकरी जिल्हा परिषदेत. आमच्या सुनंदाचं, म्हणजे बायकोचं, माझ्याबद्दल असं मत आहे की फायलीच्या नाडीपलीकडे माझ्या हातून आजवर काही सुटलेलं नाही.

बरणी उघडण्याचे अक्कांचे नियम कडक आहेत. झाकण गरम पाण्यात बुडवायचं नाही. सुरीचं टोक घालायचं नाही. बरणी उलटी करून बुडावर थापट्या मारायच्या नाहीत. मी एकदा मारल्या, तर म्हणाल्या, "ती काय चोर आहे का मारायला?" तेव्हापासून आमच्या घरी बरण्यांना मारहाण बंद आहे.

त्यांची पद्धत वेगळी. बरणी डाव्या कोपराच्या खोबणीत घ्यायची, पोटाशी धरायची, उजवा तळवा झाकणावर पालथा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि कान झाकणाजवळ न्यायचा. मग म्हणायचं, "होल्ड करा." हे बरणीला सांगितलेलं असतं की आपल्याला, ते मला आजवर कळलेलं नाही, पण आम्ही दोघंही होल्ड करतो. मनगट जेमतेम हलतं. टक् असा आवाज येतो. अक्का डोळे उघडतात, "लागला," म्हणतात आणि बरणी आपल्यापुढे करून म्हणतात, "बोला."

अक्कांनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली आहेत, हे आता वेगळं सांगायला नको. ट्रंक कॉलच्या काळात धुळ्याच्या माणसाला खांडव्याच्या माणसाशी जोडून देणं हे त्यांचं काम. "झाकण म्हणजे ट्रंक कॉल," असं त्या म्हणतात. "घाई केली की कट होतो."

आणि "बोला" म्हटल्यावर माणसाला काहीतरी बोलावंच लागतं. नुसती बरणी घेऊन आत जाणं बरं दिसत नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या कोठारी भाभी सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बोलतात, सुनंदा माझ्याबद्दल बोलते, मी साहेबांबद्दल बोलतो. अक्का ऐकून घेतात, फडकं झटकतात आणि पुढच्या घरी जातात.

बरण्यांच्या आधी, म्हणजे सहा वाजता, दुसरा कार्यक्रम असतो. अक्का गच्चीवर फेऱ्या मारत मोठ्यानं म्हणत असतात, "एम फॉर मुक्ताईनगर, ए फॉर अमळनेर, वाय फॉर यावल, ओ फॉर ओंकारेश्वर, एन फॉर नंदुरबार, एन फॉर नशिराबाद, ए फॉर अडावद, आय फॉर इंदूर, एस फॉर सोनगीर, ई फॉर एरंडोल." गल्लीत नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटतं, शेजारच्या आजी एसटीच्या गाड्या पुकारतायत. एका पाहुण्यांनी तर मला विचारलंही, की यांची इंदूर गाडी सोनगीरवरून जाते का.

गाडी नव्हे, ते मेयोनीजचं स्पेलिंग आहे. फोनवर अक्षरं नीट कळावीत म्हणून गावांच्या नावानं सांगायची ही जुनी ऑपरेटर मंडळींची रीत. ओ ला आपल्याकडे धड गाव नाही म्हणून अक्कांनी मध्य प्रदेशातून एक उसनं घेतलं आहे. मुक्ताईनगरबद्दल त्यांची थोडी तक्रार असते. त्यांच्या वेळी ते एदलाबाद होतं आणि ई मध्ये जायचं. "गावाचं नाव बदललं ते बरं झालं," त्या म्हणतात, "पण ऑपरेटरला कुणी विचारलं नाही."

स्वतः अक्का मेयोनीज तोंडात घालत नाहीत. "चव ना ढव. पिठलं आजारी पडल्यावर असं दिसत असेल." मग ज्या पदार्थाचा घास गिळवत नाही त्याचं स्पेलिंग ही बाई रोज सकाळी का घोकते? तर त्याचं मूळ पुण्यात आहे.

अक्कांचा मुलगा संजय पुण्याला असतो. एकुलता एक, स्वभावानं गरीब, आणि आईची काळजी करणं हा त्याचा रविवारचा उद्योग. अक्कांचे यजमान नाना गेले तेव्हापासून अक्का इथे एकट्या राहतात आणि तेव्हापासून तो "आई, चल" म्हणतो आहे. गेल्या दिवाळीत अक्का चार दिवस तिकडे गेल्या होत्या. नात म्हणाली, आजी, सँडविचला मेयोनीज काढून दे. अक्कांनी बाटली घेतली. झाकण हललं नाही. दुसऱ्यांदा हललं नाही. शेवटी संजयनं सुरीचं टोक घालून उघडली.

इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते पुढे. "उघडल्यावर त्यानं बायकोकडे पाहिलं," अक्का सांगतात, "आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं." हे बघणं त्यांनी मला इतक्या वेळा करून दाखवलंय की आता मलाही जमतं. भुवया न हलवता फक्त डोळे हलवायचे.

त्या बघण्याचा परिणाम म्हणून दुसऱ्या दिवशी अक्कांना डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरनं तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं आणि पाच अक्षरांचा एक सोपा इंग्रजी शब्द उलटा म्हणायला सांगितला. अक्कांच्या डोक्यात अजून बाटलीच होती. दोन अक्षरं इकडची तिकडे झाली. डॉक्टर हसून म्हणाला, या वयात होतं असं.

अक्कांची मराठी एरवी अगदी टेलिफोनची. स्वच्छ, दमादमानं, शब्दाशब्दाला अंतर ठेवून. राग आला की मात्र त्यांचं पारोळ्याकडचं माहेर थेट जिभेवर येतं. त्या दवाखान्यात ते आलं. "माले काय व्हयनं?" त्या म्हणाल्या. "मना हात मना शेतस, मनं डोकं मनं शे. चौतीस वरीस बठ्ठा खानदेशना नंबर मना तोंडे पाठ व्हतात." बठ्ठा म्हणजे सगळा, पण डॉक्टर बिचारा सांगलीकडचा. त्याला वाटलं, बाईंची भाषा गेली. त्यानं तसं कागदावर लिहूनही टाकलं.

झालं. घरी आल्यावर संजयनं विषय काढला, की जळगावचं घर बंद करू, तू इथेच राहा, साधी बाटली उघडत नाही तुला, एकटी कशी राहशील. अक्कांनी तिथल्या तिथे पैज लावली. "आखाजीला जळगावला ये. हीच बाटली आण, नवी, सील न फोडलेली. सुरी न लावता उघडेन. वर तिच्यावर लिहिलेला शब्द उलटा म्हणून दाखवेन. दोन्हीतलं एक जरी चुकलं तर बॅग भरून तुझ्या गाडीत बसते. आणि जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

दिवाळी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, साडेपाच-सहा महिने. गल्लीतल्या आठ घरांचं सार्वजनिक आयुष्य तेव्हापासून बदललं.

पहिल्या महिन्यात अक्कांनी सगळ्यांच्या सगळ्या बरण्या उघडल्या. च्यवनप्राश, मध, गुलकंद, कोठारी भाभींचं राजस्थानहून आलेलं कैर नावाच्या फळाचं लोणचं, सगळं. मग बरण्या संपल्या. सराव थांबायला नको म्हणून उघडलेली बरणी बंदही अक्काच करू लागल्या, आणि ती अशी जीव लावून बंद करायच्या की दुसऱ्या दिवशी आठपर्यंत ती ब्रह्मदेवालाही उघडू नये. एका रविवारी सुनंदानं कळण्याची भाकरी केली. सोबत खुडलेली मिरची होती, तिळाची चटणी होती, पण दोन्ही बरण्यांत होत्या आणि बरण्या अक्कांनी लावलेल्या होत्या. मी भाकरी कोरडी खाल्ली आणि अक्कांची वाट पाहिली. हा प्रसंग मी ऑफिसात कुणाला सांगितलेला नाही.

स्पेलिंगचाही सराव चालूच होता. आमच्या चौकात एक सँडविचची गाडी लागते. तिच्या फळीवर इंग्रजीत मेयोनीज लिहिलं होतं, आणि अर्थातच चुकीचं. अक्का भर बाजारात त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, "यात नशिराबाद कुठेय?" तो म्हणाला, "आजी, रिक्षा पुढच्या चौकातून मिळेल." मग अक्कांनी त्याला सगळी गावं उतरवून दिली. रंगारी बोलावून त्यानं फळी दुरुस्त केली आणि आता आमच्या चौकात एक नशिराबाद बरोबर आहे, बाकी सगळ्या जळगावचं मी सांगू शकत नाही.

हे सगळं मी मजेनं सांगतोय, पण संक्रांतीनंतर मजा कमी व्हायला लागली. अक्कांचा उजवा अंगठा बुडाशी सुजला होता. त्या तो पदराखाली धरायच्या. फेरीला निघायला सव्वाआठ, साडेआठ व्हायला लागले. एक दिवस आमच्याच घरी लिंबाच्या लोणच्याची बरणी कोपरात घेतली, डोळे मिटले, "होल्ड करा" म्हणाल्या आणि आम्ही बराच वेळ होल्ड करत राहिलो. मनगट फिरलं, झाकण फिरलं नाही. अक्कांनी डोळे उघडले. "लाइन बिझी आहे," म्हणाल्या. "उद्या बघू." आणि "बोला" न म्हणताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला मी स्वयंपाकघरात गेलो, तर सुनंदा ती बरणी ओट्याच्या कडेला दाबून, दात-ओठ खात झाकण सैल करत होती. एक आटा फिरवला आणि पुन्हा वरवर टेकवून ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाला बोलायचं नाही." मी कशाला बोलतो? आठ वाजता अक्का आल्या. टक् आवाज काही झाला नाही, पण झाकण फिरलं. "लागला," अक्का म्हणाल्या. "बोला." सुनंदा भरभरून बोलली.

मग कोठारी भाभींकडेही झाकणं सैल व्हायला लागली आणि हळूहळू आठही घरी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या बायका एरवी पाण्याच्या वेळेवरून भांडतात, पण या बाबतीत सगळ्यांचं एकमत न बोलताच झालं. अक्का पुन्हा आठच्या ठोक्याला यायला लागल्या.

मला मात्र आखाजीची धास्ती वाटायला लागली. आमच्या बरण्या ठीक आहेत. पण कारखान्यातनं सील होऊन आलेली बाटली कोण सैल करणार होतं?

आखाजीच्या दिवशी संजय एकटाच आला. बायकोला सुट्टी नव्हती आणि नातीचा कसला तरी क्लास होता. अक्कांनी नानांच्या नावाची घागर भरली होती, तिच्यावर खरबूज ठेवलं होतं, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रसाचा बेत होता. जेवणं झाल्यावर साक्षीदार म्हणून सुनंदाला आणि मला बोलावणं आलं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. संजयनं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. मी ती पाहिली, तिचं चकचकीत झाकण पाहिलं, अक्कांचा अंगठा पाहिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उन्हातून आलीय, जरा फ्रीजमध्ये ठेवतो."

स्वयंपाकघरात जाऊन मी सुरी घेतली. सुरीचं टोक झाकणाखाली घातलं आणि जरासं उचललं. टक्. आयुष्यात मी पहिल्यांदा एक बाटली उघडली होती, आणि कुणाला दाखवायची सोय नव्हती. मी झाकण पुन्हा बसवलं, दोन मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली आणि बाहेर आणली.

आधी स्पेलिंग झालं. अक्का खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर घेतले. "ई फॉर एरंडोल," त्यांनी सुरुवात केली. "एस फॉर सोनगीर. आय फॉर इंदूर. ए फॉर अडावद." आणि थांबल्या.

पंखा फिरत होता. अक्का समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. महिनोन् महिने रोज सकाळी ऐकलेलं ते गाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. सुनंदानं माझ्या पायावर पाय ठेवला. अक्कांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"नशिराबाद," संजय म्हणाला.

त्याचं त्यालाच कळलं नाही तो बोलला ते. लहानपणी शाळा सुटल्यावर तो एक्स्चेंजमध्ये आईच्या खुर्चीमागे दप्तर घेऊन बसायचा, अभ्यास करायचा, आणि कानावर सतत गावांची नावं पडायची. ती अजून आत कुठेतरी होती.

"मधे बोलू नको," अक्का म्हणाल्या. "क्रॉस कनेक्शन होतं." आणि मग थेट गेल्या, नंदुरबार, ओंकारेश्वर, यावल, अमळनेर, मुक्ताईनगर. संजय मान खाली घालून हसत होता. म्हणाला, "हे झालं, आई. हे मानलं मी."

मग बाटली. अक्कांनी ती कोपरात घेतली, डोळे मिटले, कान झाकणाशी नेला. "होल्ड करा," म्हणाल्या. तळवा ठेवला, किंचित दाब दिला आणि थांबल्या. डोळे उघडले. "ही लाइन आधीच कुणीतरी लावून ठेवलीय," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"जाऊ दे ना आई," संजय म्हणाला. "उघडतेय ना? उघड आणि संपव." त्यालाही ते संपवायचंच होतं, हे मला तेव्हा दिसलं.

"उघडलेली उघडणं म्हणजे उघडणं नव्हे. दुसरी आहे?"

दुर्दैवानं होती. एकावर एक फ्री होती. संजयनं ती पिशवीतून काढली.

दुसरी बाटली उघडली नाही. अक्कांनी उजव्या हातानं पाहिलं, डाव्या हातानं पाहिलं, फडकं घेऊन पाहिलं. अंगठा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, पण त्यांनी बाटली खाली ठेवली नाही. बघवत नव्हतं. मला त्या मेयोनीज शोधून काढणाऱ्या माणसाचा मनापासून राग आला. शेवटी संजय उठला आणि त्यानं हळूच बाटली त्यांच्या हातातून घेतली.

"असू दे, आई," तो म्हणाला. "आजच निघू असं नाही. दोन दिवस घे, बॅग भर."

अक्कांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग पारोळा आलं.

"आखाजीले पोरी माहेरले येतीस. आन तू माले आखाजीलेच घरमाइन काढस का?" आवाज चढलेला नव्हता, पण संजय मागे सरला. "आते तू उघड. सुरी नही लावानी."

संजयनं बाटली धरली. तो व्यायामशाळेत जातो, दंड बरे आहेत. त्यानं पिळलं, तोंड लाल झालं, झाकण हललं नाही. "आन इकडे," म्हणून अक्कांनी ती माझ्याकडे दिली. माझं काय व्हायचं ते झालं. सुनंदानं ओट्याची कड वापरून पाहिली. तेवढ्यात कोठारी भाभी रसाची वाटी घेऊन आल्या. त्यांच्या हातात वाटीच्या बदल्यात बाटली गेली, त्यांनी ती घरी नेऊन मिस्टरांना दिली, तिथून ती पुढच्या घरी गेली. पाऊण तासात ती बाटली भर उन्हात आठ घरं फिरून, आठ घरांचा घाम लागून, जशीच्या तशी बंद परत आली.

अक्कांनी ती टेबलावर संजयच्या समोर ठेवली.

"आते सांग," त्या म्हणाल्या. "या बठ्ठासले पुनाले लई जाशी का?"

संजय बाटलीकडे बघत राहिला. मग हसायला लागला, मग डोळे पुसायला लागला, आणि ते कधी बदललं ते आम्हाला कळलं नाही. "मना हात दुखस," अक्का म्हणाल्या, आता जरा मऊ आवाजात. "मी खोटं नही बोलत. पन हात दुखस म्हनीसन घर सोडानं का?" संजयनं बॅगेचा विषय पुन्हा काढला नाही. जाताना तो एवढंच म्हणाला की रोज सकाळी फोन करीन. "कर," अक्का म्हणाल्या. "मी उचलेन. पुढे कुणाला लावून मात्र देणार नाही."

ऊन उतरल्यावर मी अक्कांकडे गेलो. सुरीबद्दल माफी मागायची होती. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून रात्रीसाठी टाकलेली मूठभर खिचडी खात होत्या. ती बंद बाटली त्यांनी फ्रीजवर, नानांच्या फोटोशेजारी ठेवली होती.

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "विजय, सुनंदाला सांग, झाकण निदान अर्धा आटा तरी घट्ट करून ठेवत जा. लोणच्याला हवा लागते."

"कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. मोकळी लाइन आणि कुणीतरी धरून ठेवलेली लाइन, आवाज वेगळा असतो."

"मग आमच्याकडे चाललं, आणि आज का नाही चाललं?"

"तुमच्याकडे तुम्ही माझ्यासाठी करत होता. त्याला मी खोटं कसं म्हणू? पण पोराशी पैज होती."

"आणि तरी रोज येत होता?"

अक्कांनी ताटातली शितं बोटानं गोळा केली. "झाकणासाठी कोण येतं रे," त्या म्हणाल्या. "चौतीस वर्षं मी दोन माणसं जोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही, असा नियम होता. आता तुम्ही 'बोला' म्हटलं की बोलता. मला बरं वाटतं." जरा थांबून म्हणाल्या, "इथे घरात 'बोला' म्हणून पाहिलं मी एकदोनदा. कुणी बोलत नाही."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला त्यांच्याकडे बघता येईना. मी ताटाकडे पाहिलं. खिचडी होती, तूप होतं, बाकी काही नव्हतं.

"लोणचं नाही घेतलं?"

"नको मला."

वरच्या फळीवर कैरीच्या लोणच्याची बरणी होती. मी खाली काढली. झाकणावर बोट उठेल एवढी धूळ. संक्रांतीच्या आधी, अंगठा चांगला होता तेव्हा, अक्कांनी ती स्वतःच्या हातानं बंद केली होती, आणि अक्कांनी बंद केलेली बरणी म्हणजे काय ते मला माहीत होतं. तेव्हापासून त्यांनी लोणचं खाल्लं नव्हतं. आठ घरं रोज विचारत फिरली ही बाई, काही अडलंय का. तिला उलट कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला स्वतःची लाज वाटली.

मी बरणी कोपराच्या खोबणीत घेतली, त्यांच्यासारखी. झाकण हललं नाही. अक्का उठल्या, त्यांनी आपला दुखरा तळवा झाकणावर ठेवला. त्याच्यावर मी माझा ठेवला, अंगठ्याला लागणार नाही असा. "होल्ड करा," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले आणि कान झाकणाशी आणला. दोघांनी मिळून जरा जरा करत फिरवलं. बराच वेळ लागला.

टक् झालं.

अक्का "लागला" म्हणाल्या नाहीत. तशाच उभ्या राहिल्या, हात झाकणावर. मग मीच म्हणालो, "बोला, अक्का."

अक्कांनी हात काढला. पदरानं नाक पुसलं, बरणीत डोकावल्या, वास घेतला.

"खारट झालंय," त्या म्हणाल्या, "पण बस. तुला ताट करते."